रोटरी इंजिनाचे पोर्टिंग

वांकेल प्रकारच्या रोटरी इंजिनातील चोषण व निष्कास द्वारांचा आकार आणि त्यांच्या कडांची जागा बदलून इंजिनाची शक्ती वाढवण्याच्या यांत्रिक प्रक्रियेस रोटरी इंजिनाचे पोर्टिंग असे म्हणतात. या द्वारांना 'पोर्ट' ही संज्ञा रूढ आहे. रस्त्यावर नित्य वापरल्या जाणाऱ्या मोटारीसाठी केलेल्या मर्यादित पोर्टिंगला 'स्ट्रीट पोर्ट' म्हणतात.

पार्श्वभूमी

जर्मन अभियंते फेलिक्स वांकेल यांच्या संकल्पनेवर आधारित पहिले इंजिन १९५७ साली एनएसयू या कंपनीत चालवण्यात आले. जपानच्या माझदा कंपनीने १९६७ साली 'कॉस्मो स्पोर्ट' ही दोन रोटरांची मोटार बाजारात आणली. पुढे 'आरएक्स-७' मालिकेतील १२ए व १३बी ही इंजिने पोर्टिंगसाठी विशेष प्रसिद्ध झाली. १३बी इंजिनाच्या प्रत्येक रोटरची क्षमता ६५४ घन सेंमी असते.

कार्यतत्त्व

रोटरी इंजिनात पिस्टन व झडपा नसतात. अंडाकृतीसारख्या पोकळीत त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंवर चोषण, संपीडन, प्रसरण व निष्कास या क्रिया क्रमाने घडतात. रोटरच्या एका फेऱ्यात मुख्य दंडाचे तीन फेरे होतात. द्वारे उघडण्याचे व मिटण्याचे काम रोटरच स्वतःच्या कडांनी करतो. त्यामुळे द्वाराची कड सरकवली की ते उघडण्याची वा मिटण्याची वेळ बदलते. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर व मोटारसायकलींच्या सिलिंडरमधील पोर्टचे तत्त्वही असेच आहे. तेथे हे काम पिस्टन करतो.

चोषण द्वार उशिरा मिटल्यास जास्त वेगात अधिक मिश्रण आत येते व शक्ती वाढते. मात्र कमी वेगात तेच मिश्रण काही अंशी परत ढकलले जाते आणि इंजिनाची ओढ घटते. चोषण व निष्कास ही दोन्ही द्वारे एकाच वेळी उघडी राहण्याचा काळ वाढल्यास जळलेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो, इंजिन संथ गतीत अडखळते व इंधनाचा खप वाढतो.

प्रकार

स्ट्रीट पोर्ट : मूळ बाजूची द्वारे थोडी रुंद केली जातात, मिटण्याची कड पुढे सरकवली जाते आणि आतील मार्ग गुळगुळीत केला जातो. संथ गती बरीचशी स्थिर राहत असल्याने रोजच्या वापरासाठी हाच प्रकार योग्य मानला जातो.

ब्रिज पोर्ट : मूळ द्वाराच्या बाहेरील बाजूस भुवईच्या आकाराचे दुसरे छिद्र कोरले जाते. दोहोंमध्ये धातूची अरुंद पट्टी राखली जाते, कारण कोपऱ्यातील सीलला तिचाच आधार मिळतो. संथ गतीतील तुटक आवाज हे याचे ओळखचिन्ह आहे.

परिघीय पोर्ट : बाजूची द्वारे बंद करून रोटरभोवतीच्या आवरणात नवे द्वार पाडले जाते. हा प्रामुख्याने शर्यतीचा प्रकार आहे. १९९१ साली ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी या मोटारीच्या चार रोटरांच्या इंजिनात परिघीय चोषण द्वारे होती.

पद्धती व मर्यादा

इंजिन पूर्ण सुटे करून बाजूच्या बिडाच्या तबकड्यांवर साच्याच्या मदतीने नवी रेषा आखली जाते आणि ग्राइंडरने तेवढा भाग कोरला जातो. कडांची धार कानसीने मोडतात, अन्यथा सील त्यात अडकून तुटू शकते. कोरताना तीन सीमा पाळाव्या लागतात : आतील बाजूस तेलाच्या सीलचा मार्ग, बाहेरील बाजूस कोपऱ्यातील सीलचा मार्ग आणि धातूमागील पाण्याची पोकळी. यांपैकी एकही ओलांडल्यास तबकडी निकामी होऊ शकते. कोरलेला धातू पूर्ववत करता येत नाही.

हवेचे प्रमाण वाढल्यावर इंधनपुरवठा व ठिणगीची वेळही नव्याने जुळवावी लागते. मिश्रणात इंधन कमी पडल्यास अकाली स्फोट होऊन रोटरच्या टोकावरील सील फुटण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतात रोटरी इंजिनाच्या मोटारींचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेले नाही. तथापि 'निशांत' या मानवरहित विमानासाठी वांकेल प्रकारचे इंजिन देशात विकसित झाले. त्याच्या इंधन व प्रज्वलन यंत्रणा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेने तयार केल्या, तर मूळ इंजिन बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने घडवले. ५ एप्रिल २००९ रोजी कोलारजवळ या इंजिनावर निशांतचे यशस्वी उड्डाण झाले.

खानदेशासारख्या प्रदेशात असे इंजिन वापरायचे झाल्यास उष्णता हा कळीचा मुद्दा ठरतो. रोटरी इंजिनात ज्वलन नेहमी आवरणाच्या एकाच बाजूस होते, त्यामुळे ती बाजू अधिक तापते व पाण्याची सीले लवकर खराब होऊ शकतात. उन्हाळ्यात जळगाव व भुसावळ परिसरात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. चाळीसगावजवळील कन्नड घाटासारख्या चढावर वाहन बराच काळ कमी वेगात व पूर्ण भाराखाली चालते. अशा ठिकाणी जास्त वेगात शक्ती देणाऱ्या मोठ्या पोर्टपेक्षा मर्यादित स्ट्रीट पोर्ट आणि सक्षम रेडिएटर अधिक उपयुक्त ठरतात.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा भिन्न ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीवर भर दिला. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अनधिकृत बदलासाठी वाहनमालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. पोर्टिंगचे काम बाहेरून दिसत नसले, तरी वाढलेला आवाज व प्रदूषण चाचणीतील न जळलेल्या इंधनाचे प्रमाण यांतून ते उघड होऊ शकते. त्यामुळे ब्रिज व परिघीय पोर्टची इंजिने बंदिस्त शर्यतमार्गापुरतीच योग्य समजली जातात.