उपवासकाळातील नित्य मनन

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवस रोज बायबलचा एक उतारा वाचून त्यावर चिंतन करण्याचा ख्रिस्ती परिपाठ. हा परिपाठ पाळणाऱ्या तासगाव-मिरज परिसरातील प्रॉटेस्टंट मंडळींची परंपरा मुख्यतः अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची. प्रेस्बिटेरियन पंथाचा मूळ आचार्य कॅल्व्हिन याने उपवासकाळाच्या सक्तीवर कठोर टीका केली होती. मग या मंडळींनी हा काळ का पाळावा, असा आक्षेप येतो. पण कॅल्व्हिनचा रोख अन्नाच्या नियमांतून पुण्य जोडण्यावर होता, वचन वाचण्यावर नव्हे. राखेच्या बुधवारी कॅथलिक उपासनेत वाचला जाणारा मत्तयाचा सहावा अध्यायही हेच बजावतो: दान, प्रार्थना, उपास लोकांना दाखवण्यासाठी नकोत, उपास करणाऱ्याने डोक्याला तेल लावावे, तोंड धुवावे. ही प्रथा परकी आहे, हा दुसरा आक्षेप तर मुळीच टिकत नाही. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्येच ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध करून ख्रिस्तचरित्र मराठी पोथीच्या वळणावर आणले होते. रोज थोडे वाचावे, त्यावर थांबून विचार करावा, ही शिस्त पोथी लावणाऱ्या मराठी घरांना नवी नव्हतीच.