चतुष्पादातील चौथा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. रोग्याचे गुण असे: स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. म्हणजे त्याने व्याधीचा वृत्तान्त लक्षात ठेवावा, वैद्याचे ऐकावे, भिऊ नये आणि आपल्याला काय होते ते नीट सांगावे. रुग्णाच्या जबाबदाऱ्यांची ही एक फार जुनी यादीच म्हणावी लागेल. रोग्याला येथे उपचाराचा भागीदार मानले आहे, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

परंतु हे सांगणे एकाच दिशेचे आहे. रोग्याने सर्व सांगायचे. त्याला काय सांगावे, हे मात्र वैद्याने ठरवायचे. विमानस्थानातील शिष्योपदेशात रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर न बोलण्याचा दंडक आहे. त्याचबरोबर, आयुष्य सरत आल्याचे कळले तरी, सांगण्याने रोग्याला वा इतरांना आघात होणार असेल तेथे ते बोलू नये, असेही बजावले आहे. या मौनामागे करुणा आहे, हे उघड आहे. तथापि करुणा म्हणजे हक्क नव्हे. ती देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते.

ती नसली म्हणजे काय होते, हे पुण्याने १८९७ च्या प्लेगमध्ये अनुभवले. त्या वर्षीच्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार दिले. रँडच्या देखरेखीखाली सोजिरांनी घरे तपासली. रोग्यांना इस्पितळात आणि आप्तांना छावणीत हलवले. संसर्ग रोखण्याची जबाबदारी खरीच होती. पण ती समजावून न सांगता धाकाने लादली गेली. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत रोग्याजवळ जाण्याची दुसरी रीतही पुण्याने पाहिली: रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्चला सावित्रीबाई फुले निवर्तल्या.

सांगण्याची दिशा उलटण्यास पुढे बराच काळ जावा लागला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. २००८ मध्ये त्याच न्यायालयापुढे एका स्त्रीचे प्रकरण आले. तपासणीसाठी तिला भूल दिली होती; ती शुद्धीवर नसताना आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि सज्ञान रुग्णाच्या वतीने, जिवावर बेतलेले नसताना, आईलाही संमती देता येत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णहक्कांची सनद तयार केली. तीत हक्कांबरोबर जबाबदाऱ्याही आहेत, आणि रुग्णाला कळेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्कही आहे.

भाषेच्या अभ्यासकांनी या शेवटच्या कलमापाशी थांबावे, असे आम्हांस वाटते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री हाती येणारे संमतिपत्र पुष्कळदा इंग्रजीत असते. नातेवाईक ते न वाचताच सही करतात. ज्याला काही समजलेच नाही त्याने निर्देश पाळावेत आणि निर्भय राहावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची? चरकाने रोग्याकडे मागितलेले चारही गुण आजही हवेतच. मात्र ज्ञापकत्व हा वैद्याचाही गुण ठरल्याखेरीज रोग्याला ते अंगी बाणवता येणार नाहीत.