म्हादेई

म्हादेई : भारतीय नौदलाची सागरप्रवासासाठी बांधलेली, एका डोलकाठीची शिडाची नौका. लांबी सुमारे 17 मी. (56 फूट), रुंदी 5 मी., वजन सुमारे 23 टन. आराखडा नेदरलँड्समधील व्हान द स्टाट या नौकारचनाकार संस्थेचा ‘टोंगा 56’. बांधणी गोव्यातील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या ‘ॲक्वेरियस फायबरग्लास’ या कारखान्यात. मांडवी नदीचे म्हादेई हे नाव तिला मिळाले आणि फेब्रुवारी 2009 मध्ये ती नौदलात दाखल झाली. एकट्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची कल्पना ‘सागर परिक्रमा’ या मोहिमेत उतरली, आणि तिच्यासाठीच ही नौका घडली. म्हादेईची ओळख सहसा तिच्यावरून झालेल्या विक्रमांनी करून दिली जाते. परंतु नौकेच्या इतिहासात तिचे स्थान ठरते ते बांधणीमुळे: अशी नौका पूर्वी कधीही न बांधलेल्या एका लहान कारखान्याने ती महासागराला पुरेल इतकी भरवशाची केली.

या भरवशाचा अर्थ रचनेवरून कळतो. फायबरग्लासच्या नौका सामान्यतः साच्यात तयार होतात. काचतंतूंच्या कापडाचे थर राळेत भिजवून साच्यात बसवले जातात. साचा महाग असल्याने ही रीत एकाच आकाराच्या अनेक नौका काढायच्या असतील तेव्हाच परवडते. एकच नौका हवी असल्यास दुसरी रीत सोयीची ठरते: लाकडी फर्म्यांवर अरुंद लाकडी पट्ट्या एकमेकींना चिकटवून कवच उभारायचे आणि त्याला आतून-बाहेरून इपॉक्सी राळेत भिजवलेल्या काचकापडाचे थर चढवायचे. म्हादेईचे अंग याच प्रकारचे, म्हणजे लाकडी गाभ्याचे आहे. हलका गाभा दोन मजबूत थरांना एकमेकांपासून दूर ठेवतो, त्यामुळे वजन फारसे न वाढता ताठपणा वाढतो. शिवाय राळेत बंद झालेल्या लाकडापर्यंत पाणी आणि लाकूड पोखरणारे सागरी जीव पोचत नाहीत. मात्र या रीतीत एक धोका दडलेला असतो. एखाद्या बोल्टचे भोक नीट बंद झाले नाही, तर पाणी गाभ्यात झिरपते आणि लाकूड आतल्या आत कुजते. वरून काहीच दिसत नाही. दमट हवेत इपॉक्सीचे काम बिघडण्याची भीतीही असते. अशा नौकेची विश्वासार्हता त्यामुळे नंतरच्या तपासणीपेक्षा बांधणीच्या काळातील रोजच्या शिस्तीवर अधिक अवलंबून असते.

यावर पहिला आक्षेप असा, की आराखडाच परदेशी असताना नौकेला देशी बांधणीचे श्रेय का द्यावे? आक्षेप रास्त वाटतो, पण नौकारचना आणि नौकाबांधणी हे जगभर दोन वेगळे व्यवसाय आहेत. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेल्या, 1997 मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘तरंगिणी’चा आराखडा ब्रिटिश रचनाकार कॉलिन मडी यांचा होता. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘सुहेली’ ही 32 फुटी सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती, आणि तिचा आराखडा अमेरिकी होता. कागदावरची रेषा कोठूनही येवो, तिचे अंग घडवणारे हात निराळेच असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भूसेनेच्या अभियंता दलाच्या तुकडीने ‘तृष्णा’ या परदेशात बांधलेल्या 37 फुटी नौकेतून 1985 ते 1987 या काळात मुंबई ते मुंबई पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती. तयार नौका मिळत असताना बांधण्याचा खटाटोप कशाला? तृष्णेवर मात्र अनेक जणांचा ताफा होता. म्हादेईवर एकच माणूस जाणार होता आणि काही मोडल्यास त्यालाच दुरुस्त करायचे होते. तो माणूस, कमांडर दिलीप दोंदे, बांधणीच्या काळात कारखान्यात वावरत होता. कोणत्या फळीमागे काय आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि हे ज्ञान तयार नौकेबरोबर विकत मिळत नाही. 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघून फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन अशा चार थांब्यांसह ते मे 2010 मध्ये परतले. त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी यांनी 1 नोव्हेंबर 2012 ते 31 मार्च 2013 या काळात कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. वाटेत बंदर नाही, बाहेरची मदत नाही. गाभ्याच्या कामातील उणीव उघडी पडण्यास याहून कठोर परीक्षा क्वचितच असेल.

तरीही एका नौकेचे यश हा योगायोग असू शकतो, असे म्हणता येईल. याचे उत्तर ‘तारिणी’ देते. त्याच आराखड्यावर, त्याच कारखान्यात बांधलेली ही दुसरी नौका फेब्रुवारी 2017 मध्ये नौदलात आली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर 2017 ते मे 2018 या काळात तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ऑक्टोबर 2024 ते मे 2025 या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोनच अधिकाऱ्यांनी ती पुन्हा पार पाडली. दोन नौकांनी उद्योग उभा राहत नाही, हे खरे. डोलकाठी, शिडे आणि उपकरणे यांसाठी अशा नौका परदेशी पुरवठादारांवर अवलंबून राहतात, हेही खरे. पण पहिल्या नौकेत शिकलेले काम दुसरीत तितक्याच भरवशाने उतरले, म्हणजे ते एका मोहिमेपुरते न राहता कारखान्याच्या अंगवळणी पडले. म्हादेईचे महत्त्व मोजताना प्रदक्षिणांच्या संख्येआधी हीच गोष्ट धरायला हवी.