गणितात हुशार, पण वाट ‘लिबरल आर्ट्‌स’ची?

मुळशी म्हटले, की जुन्या पिढीला धरण आणि १९२१मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह आठवतो. आजच्या बारावीच्या विद्यार्थ्यांना मात्र याच तालुक्यातील लवळे गाव परिचित असते ते विद्यापीठांमुळे. सिंबायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठाचा डोंगरावरील परिसर लवळ्यात आहे. २००७मध्ये सुरू झालेली आणि २०१५पासून विद्यापीठ म्हणून कार्यरत असलेली ‘फ्लेम’ ही संस्थाही येथेच आहे. सिंबायोसिसचे लिबरल आर्ट्‌स महाविद्यालय मात्र लवळ्यात नसून विमाननगरला आहे. अर्ज भरताना अनेकांची येथे गल्लत होते.

गणितात उत्तम गुण असलेल्या पाल्याने ‘लिबरल आर्ट्‌स’चे नाव काढले, की पालकांच्या कपाळावर आठ्या उमटतात. त्याला कारण ‘आर्ट्‌स’ हा शब्द. प्रत्यक्षात ही आपल्याकडील कला शाखा नव्हे. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत ज्या सात विद्या या नावाने शिकविल्या जात, त्यांत अंकगणित आणि भूमिती यांचा समावेश होता. आजही या पद्धतीत विद्यार्थी एक मुख्य विषय निवडतो आणि त्यासोबत अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, साहित्य किंवा संगणकशास्त्र शिकू शकतो. ‘फ्लेम’मध्ये उपयोजित गणित हा मुख्य विषय म्हणून घेता येतो.

काय तपासावे?

खरा धोका नावाचा नसून खोलीचा आहे. गणित विभाग लहान असेल, तर पहिल्या दोन वर्षांतच शिकण्यासारखे संपते आणि पुढे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत विद्यार्थी मागे पडतो. म्हणून माहितीपत्रकातील छायाचित्रांपेक्षा अभ्यासक्रमाची यादी पाहावी. रेषीय बीजगणित, रिअल अ‍ॅनालिसिस, अमूर्त बीजगणित, टोपॉलॉजी आणि संभाव्यता हे विषय केवळ यादीत आहेत, की दरवर्षी प्रत्यक्ष शिकविले जातात, हे विचारावे. पूर्णवेळ गणित प्राध्यापक किती, त्यांचे संशोधन कोणत्या शाखेत आहे आणि मागील तुकड्यांतील विद्यार्थी पुढे कोठे गेले, हेही विचारावे. उपयोजित गणिताचा भर प्रतिमाने, सांख्यिकी व संगणनावर असतो. शुद्ध गणिताची ओढ असणाऱ्याने हा फरक आधीच जाणून घ्यावा.

चौथ्या वर्षाचीही चौकशी आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी मिळविणारा विद्यार्थी थेट पीएच.डी. प्रवेशास पात्र ठरू शकतो.

अन्य पर्याय

ज्याला केवळ गणितच करायचे आहे, त्याने चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि बेंगळुरू येथील भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रवेश परीक्षा जरूर द्याव्यात. या परीक्षांत पाठांतरापेक्षा सिद्धता मांडण्याची क्षमता कसोटीला लागते. पुण्यातच पाषाण येथे २००६मध्ये स्थापन झालेली ‘आयसर’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. गणिताबरोबर मानव्यविद्याही हव्या असतील, तर हरियाणातील सोनीपतच्या अशोका विद्यापीठाचा विचार करता येईल. परदेशात कॅलिफोर्नियातील हार्वे मड, मॅसॅच्युसेट्‌समधील विल्यम्स अशी लहान महाविद्यालये गणितासाठी नावाजलेली आहेत.

शुल्काचा हिशेब मात्र डोळसपणे करावा. खासगी निवासी विद्यापीठाचा खर्च सरकारी संस्थेच्या अनेक पट असतो. शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापुरती आहे की पदवी पूर्ण होईपर्यंत, आणि ती टिकण्यासाठी किती गुण लागतात, हे लेखी घ्यावे. कर्ज काढून प्रवेश घेणाऱ्या कुटुंबासाठी हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

गणिताची गोडी आणि गणितातील गुण या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुण्यात श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानासारख्या संस्थेत ऑलिम्पियाडची तयारी करताना ज्याला एकाच उदाहरणावर दिवस घालविण्यात आनंद वाटला, त्याने गणिताला वाहिलेली संस्था निवडावी. ज्याला त्या उदाहरणातून बाजारपेठ, लोकसंख्या किंवा हवामान दिसू लागते, त्याच्यासाठी लवळ्याची वाट चुकीची नाही. निर्णयापूर्वी एकदा तेथील गणिताच्या तासाला बसण्याची परवानगी मात्र अवश्य मागावी.