एमजीबीची ठिणगी

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा तिचं रूप नवं होतं, बांधणी नवी होती. ठिणगी पाडण्याची व्यवस्था मात्र अर्धशतक जुनी होती. ऑक्टोबर १९८० मध्ये उत्पादन थांबलं तोपर्यंत अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. या अठरा वर्षांतच त्या जुन्या व्यवस्थेचा शेवट सुरू झाला. एमजीबीच्या इग्निशनमध्ये आज जे बदल केले जातात आणि जे दोष शोधले जातात, त्यांची मुळं या इतिहासात आहेत. तो माहीत नसला की चांगला भाग काढून वाईट बसवला जातो, आणि तसं पुष्कळदा घडतं.

सिलिंडरमधलं मिश्रण पेटवायचं कसं, हा सुरुवातीच्या इंजिनकारांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न होता. लनुआरने १८६० च्या वायू-इंजिनात विजेची ठिणगी वापरली. डाइमलरने बाहेरून तापवलेल्या नळीवर विश्वास टाकला. बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत बॅटरी आणि थरथरणारी कॉइल होती. तिच्यातून एकामागून एक ठिणग्यांचा वर्षाव होई, पण नेमका क्षण साधत नसे. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कार्यशाळेने १८९७ मध्ये द दियाँ-बुताँ कंपनीच्या तीनचाकीला चुंबकावर स्वतःच वीज तयार करणारा मॅग्नेटो बसवला. १९०२ मध्ये त्यांचेच अभियंता गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग तयार केला. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, ही त्याची थोरवी. इंजिन हळू फिरत असताना, म्हणजे नेमकं सुरू करायच्या वेळी, त्याची ठिणगी दुबळी पडते, ही त्याची उणीव.

ती उणीव अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी दूर केली. १९१० च्या कॅडिलॅकसाठी त्यांनी अशी रचना दिली, की प्रत्येक स्फोटाला बॅटरीच्या विजेवर कॉइलमधून एकच, जोरकस आणि वेळेवर ठिणगी पडावी. दोन वर्षांनी कॅडिलॅकलाच सेल्फ स्टार्टर, दिवे आणि जनरेटर मिळाले आणि बॅटरी गाडीतच चार्ज होऊ लागली. केटरिंग यांच्या कंपनीचं नाव डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, त्याच्या आद्याक्षरांवरून डेल्को. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये डिस्ट्रिब्युटरला आजही ‘डेल्को’ म्हणतात तो हाच शब्द. कंपनीचं नाव वस्तूला चिकटलं आणि कंपनीचा विसर पडल्यावरही टिकून राहिलं.

ब्रिटनची वाट थोडी वेगळी होती. पहिल्या महायुद्धापूर्वी तिथल्या मोटारी बहुतांशी जर्मन मॅग्नेटोवर चालत. युद्ध सुरू होताच तो पुरवठा तुटला आणि ब्रिटिश कारखान्यांना हा धंदा घाईने उभा करावा लागला. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने १९१४ मध्येच थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो बनवणारी कंपनी विकत घेतली. मूळची सायकलच्या दिव्यांची ही लुकास कंपनी पुढे ब्रिटिश मोटारींच्या विद्युत सामानाची जवळजवळ एकमेव पुरवठादार झाली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात स्वस्त कॉइलने मॅग्नेटोला मागे सारलं. एमजीबीला मिळाला तो लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर. त्यातला शेवटचा चार म्हणजे चार सिलिंडर.

या डिस्ट्रिब्युटरचं काम समजलं की त्याचे सगळे दोष आपोआप समजतात. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात: जाड तारेचं प्राथमिक आणि बारीक तारेच्या हजारो फेऱ्यांचं दुय्यम. पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच, मिटलेले असताना १२ व्होल्टची वीज प्राथमिक वेटोळ्यातून वाहते. वेटोळ्याचा रोध तीन ओहमच्या आसपास असल्याने प्रवाह सुमारे चार अँपिअर होतो आणि गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र साठतं. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरचा चौकोनी कॅम पॉइंट उघडतो, क्षेत्र एकदम कोसळतं आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उभा राहतो. तो दाब कॅपच्या मधल्या कार्बनमधून रोटरवर, रोटरवरून ज्याची पाळी त्या प्लगच्या तारेत जातो. पाळी १-३-४-२ अशी असते. पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर दोन कामं करतो: उघडणाऱ्या पॉइंटमध्ये ठिणगी जळू देत नाही आणि क्षेत्र झटक्यात कोसळू देतो. कंडेन्सर गेला की पॉइंट काळे पडतात आणि प्लगची ठिणगी पिवळी, मरतुकडी होते.

या रचनेत एक बारकावा आहे. पॉइंटमधली फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची असते. फट वाढली तर पॉइंट मिटून राहण्याचा वेळ कमी होतो आणि ठिणगी लवकर पडते. कमी झाली तर याच्या उलट. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच हळूहळू झिजते, फट कमी होत जाते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीचा क्षण, कुणीही हात न लावता मागे सरकतं. म्हणून दर काही हजार मैलांनी फीलर गेज घेऊन फट बसवणं, कॅमला ग्रीसचं बोट लावणं, शाफ्टच्या टोकाला तेलाचे दोन थेंब सोडणं हे या इंजिनाचं नित्यकर्म होतं. २५डी४ ला तर टायमिंग किंचित पुढे-मागे करायचा एक खाचेदार स्क्रू बाहेरूनच दिलेला असे, कारण पेट्रोलची प्रत पंपागणिक बदलत असे. या यंत्राने मालकाकडून काही अपेक्षा धरली होती. ती पाळली गेली तोवर त्याने चोख काम केलं.

लुकासला थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणण्याची प्रथा अमेरिकेत रुजली. तिच्यात अन्याय अधिक आहे. बिघडलेल्या गाड्या उघडून पाहिल्या तर दोष बहुधा गंजलेल्या जोडणीत, सैल झालेल्या अर्थच्या पट्टीत किंवा वर्षानुवर्षं न तपासलेल्या पॉइंटमध्ये सापडतो. याचा पुरावा भारतातही आहे. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन तिच्या उत्पादक बीएमसी कंपनीच्या ‘बी’ मालिकेतलं. त्याच मालिकेतलं १४८९ सीसीचं इंजिन तिच्या आधीच्या एमजीए गाडीत होतं आणि तेच हिंदुस्तान ॲम्बॅसडरमध्येही आलं. लुकासचं सामान भारतात बनवण्यासाठी १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस ही कंपनी स्थापन झाली. सरकारी कचेऱ्यांच्या आवारात आणि घाटरस्त्यांवर ॲम्बॅसडर गाड्या दशकानुदशकं धावल्या. पॉइंट घासून, फट बसवून त्या पुन्हा रस्त्यावर आणणारे मिस्त्री गावोगाव होते. व्यवस्था मुळात टाकाऊ असती तर असं झालं नसतं.

एमजीबीच्या जन्मापासून तिच्यात एक गोष्ट उलटी होती: बॅटरीचं धन टोक सांगाड्याला, म्हणजे अर्थला जोडलेलं असे. १९६७ च्या अखेरीस डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि ऋण टोक अर्थला गेलं. ही तारीख आज फार महत्त्वाची आहे. धन-अर्थच्या गाडीला पॉइंटच्या जागी बसणारं ऋण-अर्थचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जोडलं तर ते क्षणात जळतं. कॉइलची जोडणीही तपासावी लागते. प्लगच्या मधल्या, तापलेल्या टोकातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून ते टोक ऋण असावं लागतं. कॉइल उलटी जोडली तरी इंजिन चालतं, पण ठिणगीला जास्त दाब लागतो आणि चढावर किंवा जोरात पळताना इंजिन अडखळतं. गाडीचं अर्थ कुणीतरी पूर्वी बदललं आणि कॉइलच्या तारा तशाच ठेवल्या, हा जुन्या एमजीबीमधला नेहमीचा छुपा दोष आहे.

पॉइंटची खरी मर्यादा शर्यतीच्या मैदानावर उघडी पडली. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेतं तेव्हा सेकंदाला २०० ठिणग्या लागतात. दोन ठिणग्यांमध्ये ५ मिलिसेकंद मिळतात आणि कॉइल भरायला तेवढे पुरतात. आठ सिलिंडरच्या शर्यती इंजिनाला १०,००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ६६७ ठिणग्या लागतात. इतक्या वेगात पॉइंटची स्प्रिंग कॅमचा पाठलाग करू शकत नाही, पॉइंट उडू लागतात. १९६२ मध्ये ग्रॅहम हिल ज्या बीआरएम गाडीवर जगज्जेता झाला, तिच्या आठ सिलिंडर इंजिनावर लुकासचं ट्रान्झिस्टर इग्निशन होतं. म्हणजे ज्या वर्षी एमजीबी जुनी व्यवस्था घेऊन बाजारात आली, त्याच वर्षी त्याच कंपनीची नवी व्यवस्था विजेतेपदाच्या गाडीवर होती.

ही नवी व्यवस्था ओपस या नावाने रस्त्यावर आली ती १९७१ च्या बारा सिलिंडरच्या जॅग्वार ई-टाइपमधून. तिच्यात पॉइंट नव्हते. फेराइटच्या कांड्या बसवलेलं एक चक्र एका संवेदकासमोरून फिरे आणि त्या इशाऱ्यावर ॲम्प्लिफायर कॉइलचा प्रवाह तोडे. कल्पना उत्तम, जागा चुकीची. ॲम्प्लिफायर इंजिनाच्या दोन रांगांमधल्या घळीत बसवला होता, आणि उष्णता हा त्या काळच्या ट्रान्झिस्टरांचा शत्रू. पुढच्या जॅग्वार गाड्यांत तो रेडिएटरपुढच्या थंड जागी हलवण्यात आला.

एमजीबीपर्यंत इलेक्ट्रॉनिक्स पोहोचलं ते वेगाच्या गरजेतून नव्हे, कायद्याच्या धाकाने. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर गाडीचा धूर ५०,००० मैलांपर्यंत मर्यादेत राहील हे उत्पादकांना दाखवून द्यावं लागलं. ज्या व्यवस्थेचं टायमिंग स्वतःहून सरकतं, ती या कसोटीला उतरणं कठीण होतं. क्रायस्लरने १९७३ पर्यंत आपल्या सगळ्या अमेरिकी गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं. एमजीबीची मोठी बाजारपेठ अमेरिकाच असल्याने १९७५ पासून तिकडे जाणाऱ्या गाड्यांना ४५डीई४ हा डिस्ट्रिब्युटर मिळाला. त्याचं ओपस मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्या अंगालाच, तापत्या इंजिनाशेजारी होतं. ते वरचेवर निकामी होई, आणि अनेक अमेरिकी मालकांनी ते काढून जुन्या पद्धतीचा २५डी४ बसवला. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्या २५डी४ च्या जागी आलेल्या, पॉइंटच्याच ४५डी४ वर चालत राहिल्या.

पुढची सुधारणा कारखान्याबाहेर झाली. ल्युमेनिशनसारख्या संचांनी पॉइंटच्या जागी इन्फ्रारेड किरण आणि तो अडवणारं खाचेदार चक्र बसवलं. नंतर हॉल संवेदक आले. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर ते चालतात: कॅमवर चार चुंबकांची कडी बसवायची आणि जवळून जाणाऱ्या चुंबकाने संवेदकात व्होल्टेज निर्माण करायचं. मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्या आत मावतं, बाहेरून गाडी मूळचीच दिसते. यात घासणारं काही नाही, म्हणून टायमिंग सरकत नाही. ठिणगी अधिक जोरकस मिळते ती मात्र कॉइल बदलल्यावरच. त्याहून पुढचा टप्पा म्हणजे संपूर्ण इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर. नेदरलँड्समधल्या १२३इग्निशनच्या यंत्रात टायमिंगच्या सोळा आलेखांमधून एक निवडता येतो. जुन्या डिस्ट्रिब्युटरमधली टायमिंग पुढे-मागे करणारी वजनं आणि स्प्रिंगा सैल झाल्या असतील तर हॉल मॉड्यूल त्यावर उपाय नाही. तिथे हेच यंत्र योग्य.

मॉड्यूल बसवताना कॉइलचा रोध मोजणं टाळता येत नाही. १९७४ नंतरच्या एमजीबीत दीड ओहमची कॉइल आणि तारेतच विणलेला रोध अशी जोडी आहे. तो रोध चुकवून अशी कॉइल थेट १२ व्होल्टला जोडली तर प्रवाह दुप्पट होतो, आणि आधी कॉइल, मग मॉड्यूल भाजून निघतं. इंजिन बंद ठेवून किल्ली चालू राहिली तरी हेच होऊ शकतं. नुसती तांब्याची तार असलेल्या प्लग-वायरी मॉड्यूलला विद्युत गोंधळ पोहोचवतात. रोधाच्या वायरी किंवा रोधाचे प्लग घालावे लागतात. सुरुवातीच्या गाड्यांमधलं फेरेमापक कॉइलच्या प्रवाहावरच चालतं, म्हणून मॉड्यूल बसवल्यावर ते भलतं दाखवू लागलं तर आधी जोडणी पाहावी.

दोष शोधण्याचा क्रम पॉइंटच्या काळात ठरला आणि तो अजून बदललेला नाही. चालत्या गाडीचं इंजिन अचानक थांबलं, चाकं अजून फिरत आहेत आणि फेरेमापकाचा काटा एकदम शून्यावर पडला, तर बिघाड कमी दाबाच्या बाजूला आहे: किल्ली, कॉइलची जोडणी, पॉइंट किंवा मॉड्यूल. काटा चाकांबरोबर सावकाश उतरला, तर कॅप, रोटर, वायरी किंवा पेट्रोल पाहायचं. उभ्या गाडीत कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि अर्थला १२ व्होल्टचा दिवा जोडून इंजिन फिरवायचं. दिवा उघडझाप करत असेल तर प्राथमिक बाजू ठीक. सतत पेटलेला असेल तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांना अर्थ मिळत नाही. पेटतच नसेल तर वीज येत नाही किंवा पॉइंटकडची तार कुठेतरी सांगाड्याला टेकली आहे. डिस्ट्रिब्युटरमधली लवचीक तार टायमिंग बदलणाऱ्या व्हॅक्यूमच्या ओढीने रोज हलते आणि आवरणाच्या आतच तुटते. बाहेरून ती धडधाकट दिसते. कितीतरी कॉइली या एका तारेपायी विनाकारण बदलल्या गेल्या आहेत.

सध्याची सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे: सुटे भाग नवे असूनही वाईट असतात. स्वस्त रोटरच्या प्लॅस्टिकमधून ठिणगी खालच्या शाफ्टकडे पळते, स्वस्त कंडेन्सर तापला की साथ सोडतो. त्यामुळे चालू स्थितीतला जुना लुकासचा भाग केवळ जुना म्हणून फेकू नये. आणि मॉड्यूल रस्त्यात गेलं तर ते दुरुस्त होत नाही. पॉइंट आणि कंडेन्सर लावून, फट ०.०१५ इंचांवर बसवून तयार केलेली बेसप्लेट टूलबॉक्समध्ये असली, तर एमजीबी रस्त्याच्या कडेलाच पुन्हा सुरू करता येते.