रानपिंगळा, एक खोटं लेबल आणि तुमच्या फोनमधला फोटो

धरणगाव म्हटलं की बालकवी आठवतात. निसर्गकवी, जन्म १८९०, इथलाच. आज इथली पोरं निसर्ग फोनमध्ये टिपतात. पण स्टेटस सोडलं तर त्या फोटोचा उपयोग काय? आपल्याच खानदेशातल्या एका घुबडाची गोष्ट ऐका, उत्तर तिच्यातच आहे.

या घुबडाचं नाव रानपिंगळा. १८७२ मध्ये तो पहिल्यांदा आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळाला. पुढच्या वर्षी ह्यूम यांनी जगाला त्याची ओळख करून दिली. नंतर जेम्स डेव्हिडसन या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. पक्ष्याचा फोटो काढायची सोय तेव्हा नव्हती. पक्षी मारायचा, कातडीत कापूस भरायचा आणि पायाला लेबल बांधायचं: कुठे, कधी, कोणी. असे जगभरात मोजून सात नमुने. शेवटचा १८८४ चा. मग पक्षी गायबच!

आता गोष्टीत येतो खलनायक. रिचर्ड माइनर्त्झहागन या ब्रिटिश कर्नलच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. लेबलवर लिहिलेलं, गुजरातमधलं मांडवी, १९१४. लोकांनी विश्वास ठेवला आणि शोध भलतीकडेच गेला. पुढे पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी त्या नमुन्याचा एक्स-रे काढला, आतली भरणी तपासली. निघालं काय? तो डेव्हिडसनचाच नमुना! ब्रिटिश म्युझियममधून चोरून, पुन्हा भरून, वर खोटं लेबल लावलेलं.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी खऱ्या लेबलांचा माग काढला. आधी पूर्वेकडची जंगलं पालथी घातली, हाती काही नाही. मग आले खानदेशात. नोव्हेंबर १९९७, सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. भरदिवसा झाडावर रानपिंगळा बसलेला! ११३ वर्षांनी! या वेळी कुणी बंदूक काढली नाही. व्हिडिओ घेतला, फोटो काढले, आणि पुरावा जगाला पुरला.

म्हणजे फोटो हे आजचं लेबल आहे, आणि ते खरं ठेवणं आपल्या हातात. त्यासाठी चार गोष्टी.

एक, फोनची तारीख-वेळ बरोबर ठेवा, कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते, म्हणून मूळ फाइल जपा.

दोन, ओळख पटेल असा फोटो घ्या. गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जेमतेम. म्हणून डोकं, छाती, शेपटी, सगळं दिसू द्या. झूम ताणून चित्र फाटत असेल तर कमी झूमचा स्वच्छ फोटो बरा.

तीन, दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून टाकू नका, जागा बदलून सांगू नका. एका खोट्या लेबलने काय झालं ते ऐकलंत ना?

चार, घरट्याजवळ जाऊ नका, आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. दुर्मिळ पक्षी दिसला तर नेमकी जागा जगजाहीर करू नका. आयनॅचरलिस्टसारखं अ‍ॅप संकटातल्या प्रजातींचं ठिकाण धूसर करून दाखवतं, ते त्यासाठीच.

सुरुवात घराजवळच्या जुन्या झाडाच्या ढोलीतल्या साध्या पिंगळ्यापासून करा. तोही आपलाच आहे. भेटू पुढच्या भागात!