हल्लेखोर आयपी पत्ते : शोध, नोंद आणि तक्रार

इंटरनेटला जोडलेल्या सर्व्हरमध्ये परवानगीशिवाय शिरण्याचा, त्यातील त्रुटी हुडकण्याचा किंवा तो बंद पाडण्याचा प्रयत्न ज्या आयपी पत्त्यावरून होतो, त्याला हल्लेखोर आयपी पत्ता म्हणतात. असे पत्ते ओळखणे, त्यांना काही काळ अडवणे आणि त्या पत्त्यांची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना कळवणे, हे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या नित्याच्या कामांपैकी एक आहे. बँक असो, महाविद्यालय असो की एका माणसाचे छोटे संकेतस्थळ, हे काम कोणालाच चुकत नाही. मात्र या कामात एक भेद सतत लक्षात ठेवावा लागतो. पत्ता सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला असे नाही.

नवा सर्व्हर हल्लेखोरांना सापडतो कसा?

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. ही संख्या मोठी वाटते, पण संगणकासाठी ती फार नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये झीमॅप हे साधन प्रसिद्ध केले. चांगल्या वेगाची जोडणी असेल तर एकच संगणक या सर्व पत्त्यांवर एखादे पोर्ट उघडे आहे का, हे ४५ मिनिटांच्या आत तपासू शकतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे ‘आपला सर्व्हर लहान आहे, त्याच्याकडे कोण बघणार’ हा समज चुकीचा ठरतो. हल्ला करणारे बहुतेक प्रोग्राम सर्व्हर कोणाचा आहे हे पाहत नाहीत. ते रांगेने प्रत्येक दार ठोठावत जातात.

हल्ल्याची खूण कुठे दिसते?

सर्व्हरवर घडणाऱ्या घटनांची नोंद लॉग नावाच्या फाइलींत होते. लिनक्स सर्व्हरवर दुरून काम करण्यासाठी एसएसएच ही पद्धत वापरतात आणि तिचे ठरलेले पोर्ट २२ आहे. उबुंटू किंवा डेबियनमध्ये लॉगिनच्या नोंदी साधारणपणे ‘ऑथ.लॉग’ या फाइलीत मिळतात. एकाच पत्त्यावरून ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’ अशी नावे आणि चुकीचे पासवर्ड ओळीने येत असतील, तर तो पासवर्डचा अंदाज लावणारा प्रोग्राम समजावा. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये अशीच खूण वेगळ्या रूपात दिसते. संकेतस्थळ वर्डप्रेसवर नसतानाही वर्डप्रेसच्या लॉगिन पानाची मागणी वारंवार येत राहते.

एखाद्या वापरकर्त्याचा पासवर्ड दोनदा चुकणे म्हणजे हल्ला नव्हे. प्रयत्नांची संख्या, त्यांतील अंतर आणि वापरलेली नावे एकत्र पाहूनच निष्कर्ष काढावा लागतो.

पत्ता अडवणे

हे काम हाताने करणे शक्य नसल्याने त्यासाठी साधने आली. त्यांतले फेल-टू-बॅन सर्वाधिक परिचित आहे. ते लॉग वाचत राहते आणि मर्यादा ओलांडणारा पत्ता फायरवॉलमध्ये अडवते. त्याच्या मूळ मांडणीत १० मिनिटांत ५ चुकीचे प्रयत्न झाले की तो पत्ता १० मिनिटांसाठी बंद होतो. हे आकडे बदलता येतात. बंदी आपोआप उठते, यामागे विचार आहे. आज हल्ला करणारा पत्ता उद्या दुसऱ्याच कोणाकडे गेलेला असू शकतो.

सामाईक याद्या

एका सर्व्हरला त्रास देणारा पत्ता थोड्याच वेळात दुसऱ्याकडेही पोहोचतो. म्हणून नोंदी एकत्र करण्याची कल्पना पुढे आली. नको असलेल्या ईमेलचा उगम असलेले पत्ते टाळण्यासाठी पॉल विक्सी यांनी १९९७ मध्ये अशी एक यादी सुरू केली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउसची स्थापना केली. योहानेस उलरिख यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या डीशील्डने ठिकठिकाणच्या फायरवॉलच्या नोंदी एका जागी आणल्या.

या पद्धतीचा उपयोग मार्च २००१ मध्ये स्पष्ट दिसला. जगभरातून पोर्ट ५३ वर होणारी चाचपणी अचानक वाढल्याचे नोंदींवरून लक्षात आले. विश्लेषकांनी सर्वांना आपापली यंत्रे तपासायला सांगितले आणि काही तासांतच नेदरलँड्समधील एका प्रशासकाने बाधित यंत्रातील प्रोग्रामची प्रत पाठवली. तो ‘लायन’ नावाचा वर्म होता. कोणा एकाच्या लॉगमध्ये ही वाढ किरकोळ वाटली असती. शेकडो नोंदी शेजारी ठेवल्यावर तिचा अर्थ लागला.

आता अब्यूज-आयपीडीबीसारख्या सेवेवर कोणालाही एखाद्या पत्त्याविषयी तक्रार नोंदवता येते. आलेल्या तक्रारींवरून त्या पत्त्याला ० ते १०० असा गुणांक मिळतो. जर्मनीतील ब्लॉकलिस्ट-डीई ही सेवा आलेल्या नोंदी संबंधित इंटरनेट पुरवठादाराकडेही पाठवते.

पत्त्यामागे कोण असते?

हल्लेखोर सहसा स्वतःच्या पत्त्यावरून येत नाही. २०१६ मधील मिराई हे याचे ठळक उदाहरण आहे. या प्रोग्रामने कारखान्यातून आलेले साठेक नाव-पासवर्ड वापरून पाहत घराघरांतील कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या कंपनीवर झालेल्या हल्ल्यात अशीच यंत्रे वापरली गेली आणि अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली. लॉगमध्ये दिसणारे पत्ते त्या कॅमेऱ्यांच्या मालकांचे होते. त्यांतील बहुतेकांना काहीच कल्पना नव्हती.

दुसरी अडचण सामाईक पत्त्यांची आहे. पत्ते अपुरे असल्यामुळे मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच वेळी एकच सार्वजनिक पत्ता देतात. तो कायमचा अडवला, तर एका बाधित फोनपायी अर्ज भरणारा विद्यार्थी किंवा दुकानदार सेवेबाहेर राहतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार. शिवाय यूडीपी पद्धतीच्या पाकिटांवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटाही लिहिता येतो. एसएसएचमध्ये आधी दोन्ही बाजूंची देवाणघेवाण पूर्ण व्हावी लागते, म्हणून तिथला पत्ता अधिक विश्वासार्ह असतो. तो यंत्राचा असतो एवढे मात्र विसरू नये.

तक्रार कोणाकडे करावी?

जगातील पत्त्यांचे वाटप पाच प्रादेशिक संस्था पाहतात. आशिया-पॅसिफिक भागासाठी एपनिक ही संस्था आहे. भारतात हे काम ‘निक्सी’च्या अंतर्गत ‘आयरिन’कडून चालते. ‘हूइज’ या सेवेत पत्ता टाकला की तो कोणत्या कंपनीच्या ताब्यात आहे आणि तक्रारीसाठी कोणता ईमेल आहे, हे समजते. अशा तक्रारींसाठी प्रत्येक संस्थेने ‘अब्यूज’ नावाची पेटी ठेवावी, असा संकेत १९९७ पासून आहे.

भारतात सायबर घटनांसाठी सर्ट-इन ही राष्ट्रीय संस्था २००४ पासून काम करते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. हल्ल्यातून आर्थिक फसवणूक झाली असेल, तर १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब संपर्क साधावा.

उपयोगी तक्रारीत काय असते?

- हल्ला करणारा पत्ता आणि शक्य असल्यास त्याचा पोर्ट क्रमांक. सामाईक पत्त्यामागचा नेमका ग्राहक पोर्टशिवाय ओळखता येत नाही.
- ज्यावर हल्ला झाला तो पत्ता, पोर्ट आणि सेवा.
- तारीख व वेळ, सेकंदासह, आणि ती कोणत्या देशाची प्रमाणवेळ आहे याचा उल्लेख.
- लॉगमधील मूळ ओळी, कोणताही बदल न करता. मात्र त्यांत इतर ग्राहकांची माहिती नसावी.
- मोजक्या शब्दांत काय घडले. आरोप, धमक्या आणि तर्क टाळावेत.

यातील वेळेचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. भारतात रात्री ११.४० ला झालेला हल्ला जागतिक वेळेनुसार संध्याकाळी ६.१० चा ठरतो. हा उल्लेख राहिला, तर पुरवठादार साडेपाच तासांच्या फरकाने नोंदी चाळतो आणि त्या क्षणी तो पत्ता वापरणाऱ्या भलत्याच ग्राहकावर बोट ठेवले जाते. म्हणूनच सर्व्हरचे घड्याळ एनटीपीद्वारे अचूक ठेवणे हा तक्रारीच्याही तयारीचा भाग आहे.

मर्यादा

याद्या आणि बंदी हा पहिला बंदोबस्त नव्हे. एसएसएचसाठी पासवर्ड बंद करून किल्लीने प्रवेश देणे, नको असलेली पोर्ट बंद ठेवणे आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करणे यांनी अंदाजाने चालणारे बहुतेक हल्ले निष्फळ ठरतात. उलट हल्ला करण्यात आणि तक्रार करण्यात फरक असतो, हेही लक्षात घ्यावे. त्या पत्त्यावर स्वतः घुसणे कायद्याने गुन्हा ठरू शकतो आणि पलीकडे बहुधा दुसरा बळीच असतो.

तक्रारीला उत्तर येईलच असे नाही. तरीही बाधित कॅमेरा, राउटर किंवा भाड्याचा सर्व्हर यांच्या मालकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग पुरवठादारामार्फतच जातो. अचूक तक्रार गेली, तर हल्ला थांबू शकतो, शिवाय ज्याच्या यंत्राचा परस्पर वापर होत होता, त्यालाही ते कळू शकते.